खुशाली आणि खरे वर्तमान

जुलै-ऑगस्टमध्ये मुंबईच्या आंतरराष्ट्रीय विमानतळावर मध्यरात्री एक दृश्य हटकून दिसते. औक्षणाचे कुंकू कपाळी असलेला बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा, त्याच्या भोवती दहा-बारा नातलग आणि ढकलगाडीवर प्रत्येकी २३ किलोंच्या दोन बॅगा. त्या बॅगांत थालीपीठाची भाजणी असते, मेतकूट असते, प्रेशर कुकर असतो आणि कपड्यांच्या घडीत जपून ठेवलेली गणपतीची लहानशी मूर्तीही असते. या तयारीसाठी घरात दोन महिने याद्या केल्या जातात. मात्र मुलाशी एका विषयावर बोलायचे बहुधा राहूनच जाते. तिकडे काही बिनसले, तर ते घरी कसे सांगायचे?

२०२३-२४ या शैक्षणिक वर्षात एकट्या अमेरिकेत ३,३१,६०२ भारतीय विद्यार्थी शिकत होते. त्या वर्षी भारताने चीनला मागे टाकले. परदेशी शिक्षण ही आता मोजक्या धनिकांची मिरास राहिलेली नाही. सांगली-जळगावच्या शिक्षकाची, बँकेतल्या कर्मचाऱ्याची मुलेही जातात आणि कर्ज काढून जातात. मोठ्या रकमेसाठी बँका सहसा तारण मागतात, म्हणजे बापाने वीस वर्षे हप्ते फेडून सोडवलेले घर मुलाच्या पदवीसाठी पुन्हा गहाण पडते. त्यातच सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेने एच-१बी व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. तिथे नोकरी करून कर्ज फेडू, या हिशेबाला त्यामुळे मोठाच हादरा बसला.

संस्कृतीभेद म्हटला की आपल्या घरांतून चिंता व्यक्त होते ती मांसाहाराची, मद्याची आणि थंडीची. ती अगदीच अनाठायी नाही. परंतु या गोष्टी मुले महिन्या-दोन महिन्यांत निभावून नेतात. फोडणीच्या धुराने आगीची घंटा वाजून सारी इमारत रस्त्यावर येते, तो प्रसंगही पुढे हसण्यावारी जातो. खरा भेद भेटतो तो वर्गात. इथे मित्राला गृहपाठ उतरवायला देणे ही मैत्रीची खूण मानली जाते. तिथे तो शैक्षणिक अपराध ठरतो आणि त्यापायी विद्यापीठातून नावही कमी होऊ शकते. इथे शिक्षकांपुढे गप्प राहणे हा विनय समजला जातो. तिथे गप्प बसणाऱ्याची तयारी झालेली नाही, असे खुशाल गृहीत धरले जाते. इथला गुणवान विद्यार्थी तिथे पहिल्याच सत्रात मागे पडतो तो बुद्धी कमी पडली म्हणून नव्हे. खेळाचे नियम बदलले आहेत, हे त्याला कुणी सांगितलेलेच नसते.

आणखी एक प्रसंग सर्रास घडतो. खोलीतल्या मूर्तीकडे पाहून एखादा सहाध्यायी निर्मळ कुतूहलाने विचारतो, ‘इतक्या भक्तीने आणलेली मूर्ती तुम्ही पाण्यात का सोडता?’ जन्मभर आरत्या म्हटलेल्या मुलाला उत्तर सुचत नाही. आवाहन, प्राणप्रतिष्ठा आणि विसर्जन यांमागचा विचार घरात कधी बोललाच गेलेला नसतो. अशी मुले एक तर ओशाळून आपले सारे झाकू लागतात किंवा उगाच हमरीतुमरीवर येतात. दोष त्यांचा कमी आणि घरातल्या मोठ्यांचा अधिक आहे.

मग सत्राचा निकाल लागतो. अमेरिकेत १९७४ च्या कायद्यानुसार महाविद्यालयीन विद्यार्थ्याचे गुणपत्रक हा त्याचा स्वतःचा खाजगी कागद असतो. त्याच्या संमतीवाचून विद्यापीठ ते सहसा पालकांनाही दाखवत नाही. त्यामुळे मुलगा सांगेल तेवढेच घराला कळते. पुण्यात रविवारी सकाळी नऊ वाजता आई फोन लावते, तेव्हा न्यूयॉर्कला शनिवारची रात्र असते. पडद्यावर हसरा चेहरा दिसतो. ‘जेवलास का?’ ‘हो.’ ‘अभ्यास?’ ‘मस्त चाललाय.’ मागून वडील मावशीकडच्या अमुकला नोकरी लागल्याचे वर्तमान देतात. त्यांच्या मनात काही वाईट नसते, पण पलीकडच्याच्या ओठांवर आलेले शब्द तिथेच थिजतात. एका विषयात नापास झाल्याचे, विद्यापीठातील समुपदेशकाकडे जाऊ लागल्याचे किंवा तीन दिवसांत कुणाशी चार शब्द बोलणे न झाल्याचे तो घरी सांगत नाही. गहाण पडलेल्या घरात हे सांगायचे तरी कोणत्या तोंडाने?

या संदर्भात आनंदीबाई जोशी यांचे उदाहरण मुळापासून आठवावे. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो, परंतु तो अभिमान बहुधा पदवीपाशीच थांबतो. १८८३ मध्ये अठराव्या वर्षी त्या कलकत्त्याहून बोटीने निघाल्या. निघण्यापूर्वी श्रीरामपूरच्या सभेत, हिंदू म्हणून जाईन आणि हिंदू म्हणूनच परतेन, असे त्यांनी सांगितले होते. तो शब्द पाळताना त्यांनी कुठे वाकायचे, याचा विवेक सोडला नाही. तिथल्या थंडीत नऊवारीने पाय उघडे राहतात म्हणून त्या गुजराती पद्धतीने साडी नेसू लागल्या. शाकाहार मात्र सोडला नाही. १८८६ मध्ये पदवी घेताना त्यांच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. परक्या शास्त्राच्या शाळेत त्यांनी आपल्या परंपरेची चर्चा अभ्यासाने मांडली.

या कथेची दुसरी बाजू पत्रांत आहे. गोपाळरावांनीच त्यांना शिकवले, हट्टाने धाडले. पण त्यांच्या पत्रांतून संशय आणि टोचणीही असे. पत्र पोचायला महिना उलटे. परक्या थंडीत, ढासळत्या प्रकृतीनिशी ती कोवळी मुलगी त्या पत्रांना उत्तरे देत राहिली. तिला आधार वाटे तो रोझेलच्या कार्पेंटरबाईंचा. रक्ताचे नाते नसलेल्या त्या परधर्मीय स्त्रीला ती मावशी म्हणे. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात आनंदीबाईंचे निधन झाले. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवण्यात आल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या पोकिप्सीच्या दफनभूमीत त्या आजही आहेत.

आज पत्राची वाट पाहावी लागत नाही. लंडनला १९३२ पासून महाराष्ट्र मंडळ आहे, अमेरिकेतल्या बहुतेक मोठ्या शहरांत गणेशोत्सव होतो, अडीअडचणीला धावून जाणारी मराठी माणसेही भेटतात. मुलाने या मंडळींचे दूरध्वनी क्रमांक जवळ ठेवावेत. पण घरच्या माणसांनी जे बोलायचे, ते काम मंडळे करू शकत नाहीत. बॅगा भरण्याच्या त्या दोन महिन्यांत एखाद्या रात्री वडिलांनी कर्जाचे कागद मुलापुढे उघडे ठेवावेत, हप्ता किती आणि केव्हापासून ते सांगावे. जमले नाही आणि तो मध्येच परत आला, तर घर कसे चालेल, हेही त्याच बैठकीत सांगावे. आईने त्या वेळी स्वयंपाकघरात न थांबता शेजारी येऊन बसावे, म्हणजे पुढे रविवारच्या फोनवर काही सांगायची वेळ आलीच, तर सुरुवात कुठून करायची, हे त्याला ठाऊक असेल.