यंत्रमानवाचा धनी कोण?

जगातील सर्वांत प्रभावी विज्ञानपट कोणता, हा वाद चित्रपटरसिकांमध्ये वारंवार झडतो. कुणी १९०२ सालच्या मेलिएसच्या चंद्रप्रवासाचे नाव घेतो, कुणी कुब्रिकच्या '२००१'चे, तर बहुतेक तरुण १९७७च्या 'स्टार वॉर्स'वर येऊन थांबतात. या वादात मोजमापे मात्र दोनच वापरली जातात: चित्रपटाने गल्ला किती जमवला आणि त्याच्या क्लृप्त्यांची नक्कल किती जणांनी केली. ही दोन्ही मोजमापे बाजारातली आहेत. यंत्राविषयी, आणि त्या यंत्राच्या मालकाविषयी, प्रेक्षकाच्या मनात एखाद्या चित्रपटाने कोणता प्रश्न जागा केला, हे पाहण्याची तसदी सहसा कुणी घेत नाही. हा वाद हॉलिवूडच्या उंबरठ्यावरून उचलून कावेरीकाठच्या कुंभकोणमला आणून ठेवला, तर त्याचे वेगळे रूप दिसते.

कुंभकोणम मराठी वाचकाला अगदीच परके नाही. तंजावरच्या मराठी राजवटीत, म्हणजे सतराव्या शतकाच्या अखेरीपासून १८५५ पर्यंत, या परिसरात मराठी कुटुंबे स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांची दिवाणगिरी केलेले सर टी. माधवराव १८२८ मध्ये याच गावी जन्मले. गणिती रामानुजन याच गावाच्या शाळेत शिकले. देवळांच्या या गावाचा तमिळ विज्ञानपटाशीही जवळचा संबंध आहे, हे मात्र फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. एम. जी. रामचंद्रन यांचा जन्म १९१७ मध्ये सिलोनमध्ये झाला. वडिलांच्या मृत्यूनंतर हलाखीत सापडलेले त्यांचे कुटुंब कुंभकोणमला आले, आणि येथील शाळा अर्धवट सोडून हा मुलगा नाटक कंपनीत दाखल झाला. दिग्दर्शक शंकर यांचा जन्म १९६३ मध्ये कुंभकोणमचाच. परग्रहवासीयांना पडद्यावर आणणाऱ्या पहिल्या भारतीय चित्रपटाचा नायक आणि यंत्रमानवाचा सर्वांत गाजलेला भारतीय चित्रपट काढणारा दिग्दर्शक, हे दोघेही या एकाच गावाच्या मातीतले.

रामचंद्रन यांचा 'कलै अरसी' एप्रिल १९६३ मध्ये पडद्यावर आला. ए. कासिलिंगम त्याचे दिग्दर्शक होते. दक्षिणेत त्याआधी असा प्रयत्न झालाच नव्हता असे नाही. १९५२ मध्ये सेलमच्या मॉडर्न थिएटर्सने अमेरिकन भागीदारीत 'काडु' काढला होता आणि त्यात साध्या हत्तींना केसाळ कातडी पांघरून आदिम गजराज उभे केले होते! 'कलै अरसी'ची कल्पना मात्र खरोखर नवी होती. परग्रहावरचे लोक विज्ञानात पृथ्वीच्या कितीतरी पुढे गेले आहेत, पण त्यांच्याकडे संगीत नाही. म्हणून ते उडत्या तबकडीतून येतात आणि एका गायिकेला पळवून नेतात. भानुमतींनी ही भूमिका केली होती. तिला सोडवायला जातो तो एक शेतकरी. शास्त्रज्ञ नव्हे, सेनापतीही नव्हे. परग्रहावर तो विदूषकाच्या वेषात शिरतो.

आजच्या प्रेक्षकाला त्यातील तबकडी पाहून हसू येईल. परंतु यंत्राने समृद्ध झालेल्या सत्तेला स्वतःजवळ नसलेली गोष्ट दुसऱ्याकडून हिसकावून न्यावी लागते, ही वसाहतवादाची नेमकी ओळख आहे. स्वातंत्र्य मिळून जेमतेम सोळा वर्षे झाली असताना ती एका करमणुकीच्या चित्रपटात उमटली, याची नोंद प्रभावी चित्रपटांच्या कोणत्याही यादीत सापडत नाही. यादी करणाऱ्यांनी तो पाहिलेलाच नसतो, हे त्याचे साधे कारण.

यादीत कोण जाते आणि कोण वगळले जाते, याचीही एक अर्थनीती आहे. सोव्हिएत दिग्दर्शक पावेल क्लुशान्त्सेव यांनी १९५७ मध्ये 'ताऱ्यांकडे जाणारा रस्ता' हा चित्रपट केला आणि भारहीन अवस्थेतील माणूस पडद्यावर विलक्षण खरेपणाने दाखवला. त्यांचा १९६२चा 'वादळांचा ग्रह' अमेरिकेत विकत घेतला गेला, त्याची चिरफाड झाली, त्यात अमेरिकन नटांची दृश्ये जोडली गेली आणि तो वेगळ्याच नावाने खपवला गेला. सत्यजित राय यांनी १९६७ मध्ये 'द एलियन'ची संहिता लिहिली. बंगालमधील एका खेड्याच्या तळ्यात परग्रहाचे यान उतरते, अशी ती कथा. हॉलिवूडच्या कोलंबिया कंपनीशी बोलणी झाली, संहितेच्या प्रती तिकडे फिरल्या, चित्रपट मात्र कधीच निघाला नाही. पुढे १९८२ मध्ये स्पीलबर्ग यांचा 'ई. टी.' आला, तेव्हा त्याचे आपल्या संहितेशी असलेले साम्य राय यांनी बोलून दाखवले. स्पीलबर्ग यांनी ते नाकारले. त्यात खरे काय याचा निवाडा येथे करण्याचे कारण नाही. ज्याच्या हाती भांडवल आणि वितरण, त्याचाच 'प्रभाव' इतिहासात नोंदला जातो, एवढे त्यातून स्पष्ट होते.

आता शंकर यांच्या 'एंदिरन'कडे वळावे लागते. उत्तरेत तो 'रोबोट' या नावाने दाखवला गेला. २०१० मध्ये सन पिक्चर्सने शंभर कोटींहून अधिक रुपये ओतून तो काढला. संवादलेखनात सुजाता यांचा मोठा वाटा होता. भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये अभियंता असलेला हा तमिळ लेखक चित्रपट पूर्ण होण्याआधीच, २००८ मध्ये निधन पावला. नायक रजनीकांत, म्हणजे मूळचे शिवाजीराव गायकवाड. बंगळूरच्या मराठी कुटुंबात जन्मलेले आणि एकेकाळी तेथेच बस कंडक्टरची नोकरी केलेले. शास्त्रज्ञ वसीगरन आणि त्याने घडवलेला यंत्रमानव चिट्टी, या दोन्ही भूमिका त्यांच्याच.

चिट्टी कशासाठी घडवला जातो? लष्कराला देण्यासाठी. दुष्ट प्राध्यापक बोहरा त्याला पळवतो, तो शस्त्र म्हणून विकण्यासाठी. म्हणजे कथेतील संघर्ष यंत्र कुणाला विकले जावे एवढाच आहे. असे यंत्र घरोघर आणि कारखान्यांत आले तर तेथे राबणाऱ्या माणसांचे काय होईल, हे जवळजवळ तीन तासांच्या चित्रपटात एकही पात्र विचारत नाही. आपल्या देशात हा प्रश्न चित्रपटांच्या कितीतरी आधी विम्याच्या कचेरीतील कारकुनांनी विचारला होता. १९६०च्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाला विरोध केला, तेव्हा त्यांची 'प्रगतीचे शत्रू' म्हणून यथेच्छ टवाळी झाली. त्यांच्या डावपेचांविषयी मतभेद असू शकतात; त्यांचा प्रश्न मात्र शिळा झालेला नाही.

तरीही 'एंदिरन'मध्ये एक प्रसंग असा आहे की तो विसरता येत नाही. इमारतीला आग लागते आणि चिट्टी ज्वाळांत शिरून एकेक माणूस बाहेर आणतो. एका मुलीला तो स्नान करत असलेल्या अवस्थेतच उचलून आणतो. यंत्राला लज्जा कळत नाही, जमावाला दया कळत नाही, आणि ती मुलगी वाहनाखाली सापडून मरते. हा प्रसंग पडद्यावर येण्याच्या सहा वर्षे आधी, १६ जुलै २००४ रोजी, दिग्दर्शकाच्या जन्मगावी एका खासगी शाळेला आग लागली होती. माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून ती गवताच्या छपराला लागली आणि ९४ बालके होरपळून मेली. चित्रपटाने त्या घटनेचा उल्लेख केलेला नाही, आणि त्या दोहोंत संबंध जोडणे हा दिग्दर्शकावर अन्याय होईल. पण कुंभकोणमच्या चित्रपटगृहात तो प्रसंग पाहणाऱ्या आईबापांच्या डोळ्यांपुढे काय उभे राहिले असेल? त्या मुलांना वाचवायला यंत्रमानव लागणार नव्हता. पक्के छप्पर, बाहेर पडायला रुंद जिना आणि आपले काम करणारा सरकारी तपासनीस एवढ्याने भागले असते. आपल्या समाजात विज्ञानाची वाटणी अशी झाली आहे: पडद्यावर शंभर कोटींचे विज्ञान आणि वर्गावर गवताचे छप्पर.

शंकर यांनी २०१८ मध्ये याच कथेचा '२.०' हा पुढचा भाग काढला. त्यात एक वृद्ध पक्षिमित्र भ्रमणध्वनीच्या मनोऱ्यांविरुद्ध आणि कंपन्यांच्या नफेखोरीविरुद्ध पेटून उठतो. प्रदर्शनाच्या तोंडावर भ्रमणध्वनी कंपन्यांच्या संघटनेने तक्रार केली, यावरून घाव कुठे बसला ते कळते. परंतु मनोऱ्यांच्या लहरींनी पक्षी सरसकट मरतात, या म्हणण्याला भक्कम शास्त्रीय आधार नाही. कंपन्यांवरचा रास्त राग असा कच्च्या विज्ञानावर उभा केला, की त्याचा फायदा कंपन्यांनाच मिळतो. शिवाय कथेने त्या पक्षिमित्रालाच राक्षस ठरवून सरकारी यंत्रमानवाच्या हातून संपवला. प्रश्न मांडायचा आणि विचारणाऱ्याचाच बळी द्यायचा, ही धंदेवाईक चित्रपटाची जुनी खोड आहे.

'रोबोट' हा शब्द मुळात आला कुठून, हे तमिळनाडूच्या या भागात सांगायला फार वेळ लागू नये. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकात तो प्रथम आला. त्या भाषेत 'रोबोता' म्हणजे जमीनदाराकडे सक्तीने करावे लागणारे काम, आपल्या भाषेत वेठ. कुंभकोणम ज्या तंजावर जिल्ह्यात आहे, तेथे पिढ्यान्‌पिढ्या जमीनदाराशी बांधलेल्या शेतमजुराला 'पन्नैयाळ' म्हणत. शेतमजुरांच्या झुंजार लढ्यांनंतर १९५२ मध्ये मद्रास सरकारला त्याच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. बोलणारे, राबणारे, पण स्वतःचे मत नसलेले यंत्र ही कल्पना येथील जमीनदारांना नवी नव्हती. त्यांनी माणसांकडून तेच अपेक्षिले होते. 'एंदिरन'च्या अखेरीस २०३० सालच्या संग्रहालयात सुटे भाग होऊन पडलेला चिट्टी एका शाळकरी मुलीला सांगतो, की आपण विचार करू लागलो म्हणून आपल्याला मोडले गेले. साऱ्या चित्रपटात चापेक यांच्या नाटकाशी खरे नाते सांगणारे वाक्य हेच, आणि ते टाळ्यांच्या गजरात हरवले.

म्हणून सर्वांत प्रभावी विज्ञानपट कोणता, याचे उत्तर द्यायचेच तर ते फ्रिट्झ लांग यांचा 'मेट्रोपोलिस' असे द्यावे लागेल. तो जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनमध्ये झळकला. त्याच्या तीन वर्षे आधी प्रोताझानोव यांच्या सोव्हिएत 'आएलिता'ने मंगळावर कामगारांचा उठाव दाखवला होता. पण तो उठाव अखेरीस अभियंत्याचे स्वप्न ठरतो. 'मेट्रोपोलिस'चा शेवट त्याहून वाईट आहे. मालक आणि कामगार यांच्यात हृदयाने मध्यस्थी करावी, असे भोंगळ तडजोडीचे तत्त्वज्ञान त्यात आहे, आणि खुद्द लांग यांनाही नंतर तो शेवट नकोसा झाला होता. परंतु त्यातील एक कल्पना शेवटाहून कितीतरी मोठी आहे. कामगारांचा जिच्यावर विश्वास आहे त्या मारियाचा चेहरा मालकाच्या हुकमाने एका यंत्राला चढवला जातो, आणि ते यंत्र कामगारांमध्ये सोडले जाते. म्हणजे कामगाराच्या श्रमावर हात मारून झाल्यावर मालक त्याच्या चेहऱ्याकडे वळतो.

ती कल्पना आता कल्पना उरलेली नाही. २ मे २०२३ रोजी हॉलिवूडच्या पटकथालेखकांनी संप पुकारला. तो १४८ दिवस चालला. १४ जुलैला नटनट्याही उतरल्या आणि त्यांचा संप ११८ दिवसांचा झाला. मागण्यांमध्ये कृत्रिम बुद्धिमत्तेचा मुद्दा अग्रभागी होता. गर्दीच्या दृश्यांत उभ्या राहणाऱ्या माणसाला एका दिवसाची मजुरी देऊन त्याची संगणकीय प्रतिकृती कायमची वापरण्याचा निर्मात्यांचा बेत आहे, असा नटसंघटनेने आरोप केला. निर्मात्यांनी तो फेटाळला. पण अखेरच्या करारात संमती आणि मोबदला या अटी त्यांना मान्य कराव्या लागल्या.

चेन्नईतही वारे पोचले आहे. 'एंदिरन'च्या शेवटच्या प्रसंगात एकाच नटाचा चेहरा शेकडो देहांवर चढवलेला दिसतो. त्याच चित्रपटाचे संगीतकार ए. आर. रहमान यांनी २०२४च्या 'लाल सलाम' या चित्रपटातील एका गाण्यासाठी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज कृत्रिम बुद्धिमत्तेने पुन्हा उभे केले. (चित्रपटाच्या नावाने वाचकांनी फसू नये, तो क्रिकेट आणि धार्मिक तेढीविषयी आहे.) रहमान यांनी दोन्ही कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असे त्यांनी जाहीर केले, आणि ते योग्यच झाले. परंतु हा एका संगीतकाराचा सद्भाव झाला. कोरसमध्ये गाणाऱ्या बाईचा आवाज, घोळक्यात नाचणाऱ्या पोराचा चेहरा, दुसऱ्या नटासाठी आवाज देणाऱ्या कलावंताचा कंठ, यांची परवानगी घ्यायला त्यांच्या घरी कोण जाणार आहे? कुंभकोणमजवळच्या तिरुभुवनमचे रेशीम विणकर सांगतील, की यंत्रमागाने त्यांच्या नक्षीची नक्कल करण्याआधी त्यांना कुणी विचारले नव्हते.

चेन्नई, मुंबई आणि कोल्हापूर येथील चित्रपट कामगारांच्या संघटनांनी पुढच्या मजुरीकराराच्या वाटाघाटींना बसताना दोन कलमे पहिल्या पानावर घालावीत: लेखी संमतीवाचून कोणाचाही चेहरा वा आवाज साठवला जाणार नाही, आणि साठवलेला प्रत्येक वापर हे नवे काम धरून त्याची वेगळी मजुरी दिली जाईल. गर्दीत उभे राहणाऱ्यालाही ती कलमे लागू असली पाहिजेत.