साहेबांची पाठ कोण थोपटणार?

दरवर्षी १५ सप्टेंबरला आमच्या चंद्रपूरच्या कारखानदारी पट्ट्यात सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांच्या तसबिरीला हार पडतात. भाषणे होतात, चहा-समोसा होतो आणि अभियंता दिन साजरा होतो. ते योग्यच आहे. १८६१ साली जन्मलेल्या या माणसाने पुण्यात अभियांत्रिकीचे शिक्षण घेतले, १८८४ साली तो मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात लागला आणि पुढे खडकवासल्याच्या धरणावर त्याने आपोआप उघडणारे दरवाजे बसवले. त्याचे कौतुक करावे तेवढे थोडेच आहे. पण हार घालून झाल्यावर आपण मागे वळतो, तेव्हा दाराशी उभा असलेला एक जिवंत अभियंता आपल्याला दिसत नाही. आपलाच साहेब! त्याला आपण शेवटचे चांगले कधी म्हणालो होतो?

प्रश्न विचित्र वाटेल. साहेबाने हाताखालच्याची पाठ थोपटावी, हे आपल्याला कळते. रायगड बांधणाऱ्या हिरोजी इंदुलकरांनी बक्षीस म्हणून फक्त पायरीवर आपले नाव कोरायची परवानगी मागितली असे सांगतात, आणि जगदीश्वराच्या देवळाच्या पायरीवर तो शिलालेख आजही वाचता येतो. कौतुक वरून खाली यायचे, हीच आपली रीत. खालून वर जाते ती एकतर तक्रार किंवा खुशामत. तिसरे काही असू शकते, हे आपल्या ध्यानातच येत नाही.

माझ्याही आले नव्हते. मी या जिल्ह्यातल्या एका कारखान्यात देखभाल विभागात फिटर म्हणून लागलो आणि पर्यवेक्षक म्हणून निवृत्त झालो. आमचे साहेब मितभाषी होते. पावसाळ्यातली एक दुसरी पाळी मला अजून आठवते. कोळसा वाहून नेणाऱ्या पट्ट्याचा रोलर अडकला होता. ओला कोळसा चिकटून सगळे थबकले होते. वरून फोनवर फोन येत होते, की पट्टा किती वेळात सुरू होतो? आमच्यातल्या दोघांनी सवयीप्रमाणे म्हटले, पूर्ण बंद कशाला करायचा, जरा थांबवून हात घालतो आणि मोकळा करतो. पूर्वी आम्ही तसे केलेही होते.

साहेबांनी ऐकले नाही. विजेचा पुरवठा तोडून टाळे लागेपर्यंत, परमिटवर सही होईपर्यंत त्यांनी कोणाला पट्ट्याजवळ जाऊ दिले नाही. कागदपत्रे, बंद करणे, पुन्हा सुरू करणे, सगळे धरून काही तासांचे उत्पादन गेले. आम्ही मात्र दहा बोटे घेऊन घरी गेलो. चार दिवसांनी कळले, की उत्पादन बुडाल्याबद्दल साहेबांकडून लेखी खुलासा मागवला आहे.

त्या दिवशी आम्ही काय केले? काहीच नाही. पान खाताना एकमेकांत म्हणालो, माणूस बरा आहे. मी म्हटले, चला, केबिनमध्ये जाऊन एवढे सांगून येऊ. त्यावर आमचा एक जुना सोबती म्हणाला, "कायले सांगतं भाऊ? लोकं म्हणतीन, साहेबाचा चमचा झाला." झाले. विषय तिथेच संपला.

पुढे बऱ्याच वर्षांनी मूलला एका लग्नात साहेब भेटले. केस पांढरे झालेले, हातात बुंदीचे ताट. मी त्या पाळीची आठवण काढली आणि इतकी वर्षे राहिलेले बोलून टाकले. म्हटले, "साहेब, तुम्ही त्या दिवशी अडवले नसते तर कदाचित माझा हात गेला असता. तुम्हाला हे सांगायचे राहून गेले." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "तुम्हाला वाईट वाटेल, पण खरे सांगतो. त्या खुलाशानंतर पुन्हा तशी वेळ आली, तेव्हा थांबवू की नको, असा मी दोनदा विचार केला. मला वाटले होते, तुम्ही सगळे मला घाबरट समजता."

ते ऐकून माझ्या अंगावर काटा आला. आमच्या गप्प बसण्याने एका चांगल्या अभियंत्याचा हात पुढच्या वेळी टाळ्यापाशी अडखळला होता! लाज बाळगली आम्ही, आणि किंमत कदाचित दुसऱ्याच कोणाला तरी मोजावी लागली असती.

म्हणूनच मला हा विषय केवळ शिष्टाचाराचा वाटत नाही. आमच्याकडे चंद्रपूरचे २९२० मेगावॉटचे महाऔष्णिक वीज केंद्र आहे, वेकोलिच्या खाणी आहेत, घुग्घुस-गडचांदूरकडे सिमेंट आहे, भद्रावतीला आयुध निर्माणी आहे. अशा कामात अधिकाऱ्याला रोज आकडा विचारला जातो. किती मेगावॉट, किती टन, किती तास बंद? न झालेला अपघात मात्र कोणत्याच तक्त्यात येत नाही. वेळेआधी मागवून ठेवलेले बेअरिंग, नवख्या पोराला एकट्याने शिडीवर न चढवण्याचा आग्रह, वरून आलेला संताप खाली न सांडू देणे, यांचे साक्षीदार फक्त हाताखालची माणसे असतात. साक्षीदारच मुके राहिले, तर त्या माणसाला एकच आवाज ऐकू येतो, तो वरचा. आणि जो आवाज ऐकू येतो, त्याप्रमाणे माणूस हळूहळू घडत जातो.

वरचा आवाजही कसा, तेही पाहण्यासारखे आहे. सरकारी नोकरीतला 'गोपनीय अहवाल' आपल्या पिढीने सोसलेला आहे. सीमावर्ती रस्ते बांधणाऱ्या सेवेतले देव दत्त नावाचे एक कार्यकारी अभियंता होते. १९९३-९४ च्या त्यांच्या अहवालात 'चांगला' असा शेरा होता. बढतीसाठी मात्र 'अतिशय चांगला' हवा होता, आणि 'चांगला' शेरा कळवण्याची पद्धत नव्हती. बढती हुकली तेव्हा त्यांना कळले, की चांगले म्हटल्यामुळेच आपले नुकसान झाले! प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले आणि २००८ साली न्यायालयाने सांगितले, की शेरा वाईट असो वा चांगला, तो ज्याचा त्याला कळवलाच पाहिजे. पुढच्याच वर्षी केंद्र सरकारने अहवालावरचा गोपनीयतेचा पडदा काढला. एका अभियंत्याला आपल्या कामाबद्दलचे मत कळावे म्हणून दिल्लीपर्यंत भांडावे लागले. मग आपल्याजवळ असलेले मत आपण फुकटात का दडवून ठेवावे?

गडचिरोलीकडे गेले, की हे मुकेपण आणखी जाणवते. भामरागडजवळ पर्लकोटेला पूर आला, की वर्षानुवर्षे त्या गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटत आला. अशा भागात पावसाळ्यात रानातून गेलेल्या तारेवर झाड पडते, गाव अंधारात जाते. शाखा अभियंता माणसे जमवतो, चिखल तुडवतो, आणि लाइनमन खांबावर चढण्याआधी दोन्हीकडचा पुरवठा बंद असल्याची खात्री करतो. दिवे लागेपर्यंत त्याच्या नावाने शिव्या, आणि दिवे लागले की शांतता. ती शांतता हेच त्याचे प्रशस्तिपत्र! आणि हे सगळे घरीही येते. रात्री उशिरा वसाहतीत परतलेला माणूस जेवणाच्या ताटावर गप्प का बसतो, मुलाच्या गुणपत्रिकेवर उगाच का चिडतो, याचे उत्तर पुष्कळदा त्या न मिळालेल्या दोन शब्दांत असते. हे त्याच्या घरच्या माणसांना विचारावे.

आता आक्षेप. पहिला आक्षेप आमच्या सोबत्याचाच, की ही चमचेगिरी झाली. दोन्हींतला फरक ओळखायला माझ्या मते तीन प्रश्न पुरे आहेत. हे मी माझी रजा, बदली किंवा बढती अडकलेली असताना बोलतो आहे का? हेच वाक्य मी साहेबांच्या माघारी, चहाच्या टपरीवर बोलेन का? आणि उद्या त्यांचे चुकले, तर तेही तोंडावर सांगण्याची माझी तयारी आहे का? पहिल्याचे उत्तर नाही आणि उरलेल्या दोन्हींचे होय असेल, तर बिनधास्त बोलावे.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. कंत्राटी कामगाराला वेळेवर पगार नाही, पायात धड बूट नाहीत, आणि त्याने साहेबाचे गुण गायचे? नाही. तक्रार आधी आणि पूर्ण आवाजात व्हायला हवी. संघटनेत मी स्वतः घोषणा दिलेल्या आहेत. पण कौतुकाने तक्रार पुसली जात नाही, उलट तिला वजन येते. सगळेच साहेब सारखे म्हटले, की बूट मिळावेत म्हणून भांडणारा साहेब आणि ते बिलात खाणारा साहेब एकाच रांगेत बसतात. त्यात फायदा दुसऱ्याचाच होतो.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाकडून यात शिकण्यासारखे आहे. तिथली ग्रामसभा बहुमताने नव्हे, सर्वांच्या सहमतीने निर्णय घेते. २००९ साली जंगलावरचा सामूहिक हक्क मिळवण्यापर्यंत हे गाव त्याच वाटेने गेले. जिथे एका माणसाच्या 'नाही'लाही किंमत असते, तिथे त्याच्या 'होय'लाही किंमत येते. कारखान्यात ग्रामसभा भरत नाही, मान्य. पण आपले 'चांगले झाले' खरे वाटायला हवे असेल, तर आपले 'हे बरोबर नाही'ही ऐकू आलेले असले पाहिजे.

उरला प्रश्न कसे सांगावे याचा. 'साहेब, तुम्ही ग्रेट आहात' याला काही अर्थ नाही. काय केले, कधी केले आणि त्याने आमचे काय झाले, एवढे तीन धागे असले की पुरे. 'मंगळवारी तुम्ही घाई केली नाही, म्हणून गळती नीट सापडली आणि रात्री पुन्हा यावे लागले नाही.' एवढेच. मागे 'पण' जोडू नये. त्याच दमात रजेचा अर्ज पुढे करू नये. चारचौघांत सांगायला संकोच वाटला, तर पाळी संपताना एकट्याला सांगावे किंवा चार ओळींची चिठ्ठी लिहावी. आणि निवृत्तीच्या समारंभाची वाट पाहू नये. शाल-श्रीफळ हातात पडल्यावर मिळालेल्या शब्दांचा माणसाला कामावर काहीच उपयोग नसतो.

मूलच्या त्या लग्नात साहेबांनी निघताना माझा हात हातात घेतला आणि सहज त्याच्याकडे पाहिले. मीही पाहिले. पाची बोटे जागच्या जागी होती. जे त्या पाळीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सांगायचे, ते सांगायला मला इतकी वर्षे लागली. तुमचा साहेब कदाचित उद्या सोमवारीच पाळीवर भेटेल.