पाकळीचा ल, देठाचा श

वणीच्या बाजारपेठेत आज जितकी अक्षरे खपतात तितकी पूर्वीच्या कोणत्याही काळात खपली नसतील. दुकानांच्या पाट्या, वाढदिवसांचे आणि निवडणुकांचे फलक, रंगनाथस्वामींच्या यात्रेच्या जाहिराती, शाळांच्या प्रवेशसूचना, लग्नपत्रिका आणि कचेऱ्यांचे जाहीरनामे यांचा बहुतेक सर्व मजकूर आता संगणकावर जुळविला जातो. आणि तो जुळविताना अक्षराचे वळण कोणते असावे हा प्रश्न पुष्कळदा कोणी विचारीतच नाही, यंत्र उघडताच जे वळण समोर येते तेच कायम होते. त्यामुळे गावातल्या फलकांवर हळूहळू एक पालट घडून आला आहे. दोन पाकळ्या मध्यभागी देठाशी जुळलेला मराठीचा ल मागे पडून उजवीकडे उभा दंड असलेला हिंदी वळणाचा ल सर्वत्र दिसू लागला आहे, आणि ज्याचा डावा भाग देठाने शिरोरेषेला टांगलेला असतो तो आपला श शाळेच्या पाटीवरूनही नाहीसा होत चालला आहे.

हिंदीविषयी येथे तक्रार नाही. कोळशाच्या खाणींमुळे या तालुक्यात हिंदी बोलणारी कितीतरी कुटुंबे पिढ्यांपासून नांदत आहेत, आणि त्यांच्या भाषेची अक्षरे त्यांच्या मजकुरात शोभून दिसतात. परंतु मराठी मजकूर मराठी वळणानेच छापला जावा ही अपेक्षा केवळ आवडीनिवडीची नव्हे. कारण ही वळणे आकाशातून पडलेली नसून, ती पोलादावर कोरणाऱ्या मराठी कारागिरांनी आयुष्ये खर्ची घालून सिद्ध केलेली आहेत, आणि त्या कारागिरांचे ऋण आपण जवळजवळ विसरलो आहोत.

छापील अक्षर पूर्वी कसे जन्मास येई, हे ध्यानात घेतल्यावाचून या ऋणाची कल्पना येणार नाही. प्रथम पोलादाच्या लहानशा कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरावयाचे, ती कांब तापवून कठीण करावयाची, तांब्याच्या तुकड्यावर ठोकून त्याचा ठसा उमटवावयाचा, आणि त्या ठशाच्या साच्यात शिसे, कथील व अँटिमनी यांचा वितळलेला रस ओतून एकेक खिळा पाडावयाचा. रोमन लिपीच्या कारागिराला असे थोडे खिळे पुरत. देवनागरीत काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार आणि जोडाक्षरे यांमुळे त्यांची संख्या शेकड्यांवर जाई, आणि वरखाली डोकावणारे त्यांचे नाजूक भाग जुळाऱ्याच्या हातात वारंवार मोडत. शिवाय रोमन लेखणीचे आणि आपल्या बोरूचे टोक परस्परविरुद्ध दिशांना छाटलेले असल्यामुळे अक्षराचा जाडबारीकपणा दोन्ही लिपींत भिन्न ठिकाणी पडतो, आणि पाश्चात्त्य नमुना डोळ्यांपुढे ठेवून कोरलेली देवनागरी म्हणूनच परक्या पोशाखातल्या माणसासारखी अवघडलेली दिसते.

विल्यम केरी यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये श्रीरामपूरला छापले गेले, तेव्हा देवनागरीचे खिळे बंगालात तयार होत होते. मुंबईत अमेरिकन मिशनच्या छापखान्यात टॉमस ग्रॅहम यांनी या लिपीचे खिळे पाडण्याचे तंत्र पुढे नेले. गणपत कृष्णाजींनी आपल्या छापखान्यातून पंचांगे आणि ग्रंथ बाहेर काढून, छापलेल्या शास्त्रग्रंथाला विटाळ मानणाऱ्या समाजाची भीड मोडली. परंतु मराठी अक्षराला त्याचे भरदार आणि प्रसन्न रूप लाभले ते जावजी दादाजी चौधरी यांच्या हाताखाली. १८३९ मध्ये जन्मलेला हा मनुष्य शालेय विद्येच्या बाबतीत जवळजवळ दरिद्री होता. मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर तो बालपणीच लागला, आणि पुढे स्वतःचा टाइपांचा कारखाना काढून १८६९ मध्ये त्याने निर्णयसागर छापखान्याची स्थापना केली. त्याच्या टाइपांचे कोरीव काम राणोजी रावजी आरू यांच्या हातचे. १८८६ पासून निघू लागलेल्या ‘काव्यमाला’ या ग्रंथमालेने आणि इतर संस्कृत ग्रंथांनी ही मुंबईची अक्षरे दूरदूरच्या पंडितांच्या चौरंगावर नेऊन ठेवली.

मुंबईच्या या वळणाचा विजय किती मोठा होता, हे फार थोड्यांना ठाऊक असते. उत्तरेत अ, झ आणि ण ही अक्षरे पूर्वी निराळ्या आकृतींनी लिहिली व छापली जात. आज हिंदीच्या प्रमाण लेखनात जी रूपे आहेत ती मुंबईच्या वळणाची आहेत. तीन अक्षरे आपण साऱ्या हिंदी प्रदेशाला दिली, आणि आता उरलेली दोन आपल्याच घरातून जात असता आपण स्वस्थ बसलो आहोत.

अक्षर घडविणाऱ्यांची आठवण परदेशात कशी राखतात ते पाहा. बर्मिंगहॅमच्या जॉन बास्करव्हिल याने १७५७ मध्ये आपल्या टाइपांत व्हर्जिलचे काव्य छापले, आणि आजही त्या वळणाला त्याच्याच नावाने ओळखतात. लंडनच्या टाइम्स पत्रासाठी १९३२ मध्ये आलेल्या टाइपाबरोबर स्टॅन्ली मॉरिसन याचे नाव जोडले गेले. त्याच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष आकृत्या रेखाटणाऱ्या व्हिक्टर लार्डंटचीही दखल तेथील इतिहासकार घेतात. आपल्याकडे राणोजी आरूंचे नाव क्रमिक पुस्तकात कोठे आहे? ज्या अक्षरांनी मुले वाचावयास शिकतात त्या अक्षरांच्या कर्त्याचा उल्लेख त्या पुस्तकात असू नये, ही मला मोठी उणीव वाटते.

वणीला या विषयाशी काही संबंध नाही असे कोणी समजू नये. लोकनायक बापूजी अणे यांचा जन्म १८८० मध्ये येथेच झाला, आणि ज्या लोकमान्यांचे चरित्र त्यांनी ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’ या संस्कृत महाकाव्यात गायिले, त्या लोकमान्यांनी केसरीच्या छपाईसाठी खिळ्यांची संख्या कमी करण्याचा प्रश्न स्वतः हाती घेतला होता. त्या छाटणीतून १९० खिळ्यांचा संच निष्पन्न झाल्याची नोंद लिपिसुधारणेच्या इतिहासात आहे. पुढे सावरकरांनी अ या एकाच अक्षरावर वेलांट्या, उकार आणि मात्रा चढवून स्वरांचे खिळे वाचविण्याची योजना मांडली, आणि किर्लोस्कर मासिकाने ती अंमलातही आणली. लखनौच्या १९५३ च्या लिपिसुधारणा परिषदेने तर ऱ्हस्व वेलांटीला अक्षराच्या उजवीकडे बसविले; परंतु लोकांच्या डोळ्यांनी तो हुकूम मानला नाही आणि १९५७ मध्ये तो मागे घ्यावा लागला. या सर्व खटाटोपांमागे यंत्राची खरीखुरी अडचण होती, म्हणून त्या थोर पुरुषांना दोष देता येत नाही.

आज ती अडचण उरलेली नाही, आणि माझे म्हणणे येथेच आहे. संगणकाला दोनशे खिळे आणि दोन हजार खिळे सारखेच. युनिकोडने ल या वर्णाला मराठी आणि हिंदी मिळून एकच क्रमांक दिला असला तरी त्याची आकृती ठरविण्याचे काम त्याने टाइपाकडे सोपविले आहे, आणि भाषा मराठी अशी निवडताच आपले वळण देणारे टाइपही उपलब्ध आहेत. विंडोजबरोबर घरोघरी गेलेला ‘मंगल’ हा टाइप र. कृ. जोशी या मराठी अक्षरकाराने रेखाटला, पण तो सर्व हिंदी प्रदेशासाठीही असल्यामुळे त्यात ल उत्तरेचा आला, आणि कचेऱ्यांनी तोच मराठीसाठीही वापरला. जोशींनी पवईच्या तंत्रसंस्थेत शिष्य घडविले, बापूराव नाईकांनी देवनागरी मुद्रणकलेचा त्रिखंडात्मक ग्रंथ १९७१ मध्ये सिद्ध केला, ल. श्री. वाकणकरांनी अक्षरविद्येच्या संशोधनास आयुष्य वाहिले. ज्ञानाची वाण नाही, वाण आहे ती मागणीची.

शासनाने २००९ च्या निर्णयाने मराठीची लिपी प्रमाणित केली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पाकळीयुक्त ल व देठयुक्त श यांचा पुन्हा स्पष्ट पुरस्कार केला. परंतु मुंबईचा निर्णय वणीच्या फ्लेक्सच्या दुकानापर्यंत आपोआप पोहोचत नाही. तो पोहोचावयाचा तर नगरपरिषदेने फलकांच्या आणि छपाईच्या प्रत्येक निविदेत टाइपाच्या वळणाची अट घालावी, आणि देयक मंजूर करण्यापूर्वी नमुना तपासण्याची तजवीज करावी. त्याच अटीत ओळींमधील अंतराचाही उल्लेख असावा. कारण देवनागरीत वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या मात्रा एकमेकांना भिडतात, आणि रोमन मजकुराच्या बेताने ठेवलेल्या अंतरात सातबाऱ्याचा उतारा किंवा औषधाची सूचना वाचताना वृद्धांच्या डोळ्यांना विनाकारण शिक्षा होते. पहिलीच्या वर्गात शिक्षक फळ्यावर जो ल काढतात तोच शाळेच्या दारावरील पाटीवर असावा, एवढे मुख्याध्यापकांनी रंगाऱ्याला किंवा संगणकचालकाला बजावून सांगण्यास कोणाच्याही मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. आणि ही संगणकचालक मुले, जी दिवसाकाठी कितीतरी फलक जुळवितात, त्यांना गावातील महाविद्यालयाने एखाद्या सुट्टीत बोलावून दोन वळणांतील भेद, टाइपात मराठी भाषा निवडण्याची रीत आणि राणोजी आरूंचे काम दाखवावे. खर्च चहापाण्यापलीकडे जाणार नाही.