स्पेसबारला जरा सुट्टी द्या

तहसील कचेरीसमोर माझं टायपिंगचं दुकान आहे. लोक पेन ड्राइव्हमधून अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सोसायटीचे ठराव आणतात. म्हणतात, "ताई, घरी नीट दिसत होतं, इथे सगळं सरकलं!" सरकणारच. शीर्षक मध्यभागी आणायला स्पेस, सही उजवीकडे न्यायला स्पेस, नवं पान हवं म्हणून एंटरवर एंटर.

ही सवय टाइपरायटरच्या जमान्यातली. इंग्रजी टाइपरायटरवर प्रत्येक अक्षर सारखीच जागा घ्यायचं, त्यामुळे स्पेस मोजून रकाने जुळत. संगणकावरच्या बहुतेक फाँटमध्ये मात्र अक्षरांची रुंदी वेगवेगळी. फाँट बदलला की मोजलेला हिशेब कोलमडतो.

वर्डमध्ये उपाय अगदी सोपे आहेत. कंट्रोल-ई दाबलं की ओळ मध्यभागी, कंट्रोल-आर दाबलं की उजवीकडे, कंट्रोल-एंटर दाबलं की नवं पान. नावं आणि रकमांसाठी वरच्या पट्टीवर टॅबची खूण करा. दशांश टॅब लावला तर रुपये-पैसे बरोबर एकाखाली एक बसतात. दोन्ही कडा सरळ करण्याचा सोस मात्र अरुंद रकान्यात टाळा. ‘जिल्हाधिकाऱ्यांच्या’सारखा लांब शब्द खालच्या ओळीत गेला की वरच्या ओळीत खिंडारं पडतात.

टायपिंग शिकायला येणारी मुलं आधी वेग विचारतात, मिनिटाला ३० शब्द की ४०? माझं म्हणणं, वेगाआधी मांडणी शिकवा. वेगाने केलेला अर्ज पुन्हा टाइप करावा लागला, तर वाचलेला वेळ आणि पक्षकाराचे पैसे दोन्ही वाया जातात.