विमा त्यांचा, आजार आपला

सरकारी आरोग्य विम्यात घोटाळे होतात, रुग्णालयांची बिले थकतात, तेव्हा योजना बंद करा आणि ते पैसे लोकांच्या हातात द्या. लोक बाजारातून हवा तो विमा घेतील, हवा तो डॉक्टर निवडतील. हा युक्तिवाद हल्ली आमच्या सेमिनारमध्येही ऐकू येतो. तो मांडणाऱ्यांच्या घरात बहुधा दोन पिढ्या तरी डॉक्टर असतात. 'निवड' या शब्दावर त्यांचा एवढा विश्वास का, हे मला समजू शकते.

बाजारातल्या विम्याचा हप्ता कमाई बघून ठरत नाही. तो वय आणि आजार बघून ठरतो. आधीपासूनचा आजार असेल तर कंपनी तीन वर्षांपर्यंत त्याचा खर्च नाकारू शकते. २०२४ पर्यंत ही मुदत चार वर्षांची होती. माझ्या वडिलांनी पंचवीस वर्षे गटारे साफ केली. दमा आणि मधुमेह फॉर्मवर खरा लिहिला, तर एका कंपनीने सरळ नकार दिला. दुसरीचा एजंट म्हणाला, "लिहूच नका ना." म्हणजे जातीने काम दिले, कामाने आजार दिला आणि बाजाराने त्याला 'जोखीम' म्हणून आमच्याच नावावर लावले. २०२५ मध्ये वैयक्तिक पॉलिसीवरचा १८ टक्के जीएसटी माफ झाला, त्याने यातले काय बदलले?

पण म्हणून सध्याच्या सरकारी विम्याची आरती ओवाळायची मला गरज वाटत नाही. तोही अर्धा बाजारच आहे. तमिळनाडूत २००९ ला कलैञर योजना आली, सरकार बदलल्यावर २०१२ ला ती मुख्यमंत्र्यांच्या नावाने आली, २०१८ ला आयुष्मान भारतशी जोडली गेली. आपल्याकडे राजीव गांधी जीवनदायीला २०१७ मध्ये महात्मा फुल्यांचे नाव मिळाले. नावे बदलली तरी पैसा मुख्यतः भरती झाल्यावरच मिळतो. दर महिन्याच्या गोळ्या, पंप, तपासण्या, बुडालेली मजुरी यांचे पॅकेज नसते. आपल्या वस्त्या कर्जात बुडतात त्या बऱ्याचदा इथेच.

आणखी एक गोष्ट, जी अर्थशास्त्राचे लोक कधीच काढत नाहीत. तमिळनाडूत सरकारी नोकरीत ६९ टक्के आरक्षण आहे. सरकारी रुग्णालयात डॉक्टर, नर्स नेमले जातात तेव्हा ते लागू होते. विम्यातून खाजगी रुग्णालयाकडे गेलेला रुपया आरक्षणाच्या बाहेर जातो. सरकारी रुग्णालयांनाही योजनेतून पैसे मिळतात हे खरे. व्हाउचर आले तर तेही बंद होईल.

मी तांबरमला राहते. इथे एका लोकल स्टेशनचे नावच 'सॅनेटोरियम' आहे. डॉ. चौरी मुथू यांनी १९२८ मध्ये इथे क्षयरोग्यांसाठी खाजगी आरोग्यधाम काढले आणि १९३७ मध्ये ते सरकारने ताब्यात घेतले. आज ते छातीच्या आजारांचे सरकारी रुग्णालय आहे, एचआयव्हीच्या रुग्णांचा मोठा आधार आहे. हे रुग्ण विमा कंपनीला कधीच नको होते. राज्यात औषधे एकत्र खरेदी करणारे महामंडळ १९९४ पासून आहे, म्हणून सरकारी खिडकीवर गोळी फुकट मिळते. त्यासाठी कार्ड लागत नाही, एजंटही नाही.

बाबासाहेबांनी १९४७ च्या 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये विमा ही राज्याची मक्तेदारी असावी असे मांडले होते. त्यांच्यासमोर आयुर्विमा होता, आरोग्य विमा नव्हे. पण जोखीम कुणी वाटून घ्यायची हा प्रश्न तोच आहे. त्यांचे फोटो लावणारे पक्षही आज हे कलम वाचत नाहीत.

आणि बाजार सरकारी रुग्णालयात अजून आलाच नाही असे कुणी समजू नये. इथल्या बऱ्याच सरकारी रुग्णालयांत डॉक्टर सरकारी आहे, झाडू मारणारी बाई मात्र कंत्राटदाराची आहे. वॉर्डातला रक्ताचा बोळा तीच उचलते. आपली मागणी तिच्या कायम नोकरीपासून सुरू झाली पाहिजे.