फोटो गेले नव्हते, नावं गेली होती



गेल्या रविवारी सकाळीच खालाजानचा फोन. "बेटा, तुझ्या खालूंचे सगळे फोटो गेले. दुकानवाला म्हणतो, फॉरमॅट मारावं लागेल." खालूंच्या इंतकालाला दोन वर्षं झाली. त्यांच्या मोबाइलमधले फोटो मीच घरच्या कॉम्प्युटरच्या डी ड्राइव्हमध्ये उतरवून दिले होते. दुसरी प्रत ठेवली नाही, ही चूक माझीच. "कशालाही हात लावू नका," म्हटलं आणि निघालो.

फोल्डर जागेवरच होता. उघडायला गेलं की 'परवानगी नाही' असं येई. 'प्रॉपर्टीज'मधलं 'सिक्युरिटी' पाहिलं, तर नावांची यादी कोरी! दहावीतला नातू खाली मान घालून म्हणाला, "मामू, छोटूने डिलीट करू नये म्हणून मी लॉक करत होतो."

विंडोज प्रत्येक फोल्डरसाठी एक यादी ठेवतं: कोणी वाचायचं, कोणी बदलायचं. सहसा ही नावं वरच्या फोल्डरकडून किंवा ड्राइव्हकडून खाली येतात, म्हणून तिथे शब्दच 'इनहेरिटन्स', म्हणजे वारसा. तो बंद करताना विंडोज विचारतं, आलेली नावं ठेवायची की काढून टाकायची? पोराने काढून टाकली. यादीत कोणीच नाही, म्हणून कोणालाच प्रवेश नाही. फोटोंना मात्र धक्काही लागलेला नसतो. आणि यादी कोरी झाली तरी ती पुन्हा लिहिण्याचा हक्क फोल्डरच्या मालकाकडे राहतोच. फॉरमॅट सांगणाऱ्याने एवढं तरी पाहायला हवं होतं.

ॲडमिनिस्ट्रेटरच्या खात्यातून 'सिक्युरिटी'मधलं 'ॲडव्हान्स्ड' उघडलं. वर 'ओनर'समोर मालकाचं नाव दिसतच नव्हतं. 'चेंज' दाबून आमच्या खात्याचं नाव घातलं, आतल्या फायलींचाही मालक बदलण्याच्या चौकटीत खूण केली, खिडकी बंद करून पुन्हा उघडली. मग 'एनेबल इनहेरिटन्स'. ॲडमिनिस्ट्रेटर्स, सिस्टिम, ऑथेंटिकेटेड युजर्स, युजर्स... नावं परत आली. दोन आतले फोल्डर तरी अडून बसले. त्यांच्यासाठी त्याच खिडकीत तळाशी असलेली, आतल्या सगळ्यांना हीच परवानगी लागू करणारी चौकट वापरली.

काही जण यादीत 'एव्हरीवन' घालून पूर्ण हक्क देतात. काम होतं, पण मग छोटूही खुशाल डिलीट करू शकतो. आणि हा उपाय सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरवर मुळीच करू नका. तिथल्या परवानग्या मुद्दाम वेगळ्या असतात. कितीतरी फायलींचा मालक 'ट्रस्टेड इन्स्टॉलर' असतो, ॲडमिनिस्ट्रेटरही नाही.

छोटूला साधं वेगळं खातं करून दिलं आणि या फोल्डरवर त्याला फक्त पाहण्याची परवानगी ठेवली.

फोटो उघडले. खालू अंगणात लुंगी खोचून फणस फोडतायत, त्यावर खालाजान बराच वेळ थांबल्या. मी पेन ड्राइव्हवर प्रत काढत होतो.

"दोन काढ," त्या म्हणाल्या. "एक माझ्या कपाटात राहील."