लवणाऱ्या स्नायूंची दखल

उजवा डोळा लवला तर शुभ की अशुभ, ही चर्चा आपल्या घरांतून पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. जागरण, दमणूक किंवा चहा-कॉफीचा अतिरेक यांमुळे पापणी चार दिवस लवते आणि आपोआप थांबते. त्यात भिण्यासारखे काही नाही. परंतु पोटऱ्या, मांड्या व दंड यांतील स्नायू अहोरात्र फडफडत असतील, पायांत वारंवार गोळे येत असतील, आवळलेली मूठ चटकन सुटत नसेल आणि श्रमाविनाही अंग घामाने निथळत असेल, तर न्यूरोमायोटोनिया या दुर्मिळ विकाराची आठवण ठेवावयास हवी.

दक्षिण आफ्रिकेतील हायम आयझॅक्स यांनी १९६१ साली दोन रुग्णांवरून त्याचे सविस्तर वर्णन केले. स्नायूंची ही हालचाल झोपेतही चालू राहते, आणि तिचे मूळ मेंदूत नसून परिघीय मज्जातंतूंत असते. उद्दीपित झालेल्या मज्जातंतूला पुन्हा शांत करण्याचे काम पोटॅशियमच्या वाहिन्या करतात. अनेक रुग्णांत शरीराचीच प्रतिपिंडे या वाहिन्यांशी निगडित प्रथिनांवर, विशेषतः कॅस्पर-२ वर, उलटतात आणि मज्जातंतू विनाकारण संदेश धाडत राहतो. काहींमध्ये यामागे थायमस ग्रंथीची गाठ दडलेली असते.

माझा आक्षेप आहे तो ‘हे मानसिक आहे’ या आपल्या घाईच्या निदानावर. नेहमीचे रक्ततपास आणि मेंदूचा एमआरआय निर्दोष आले की रुग्णाला, त्यातही तरुण मुलीला, हा शिक्का सहज बसतो. पण मनाने घडविलेली हालचाल गाढ झोपेत टिकत नाही. बालरोगतज्ज्ञ या नात्याने मी म्हणेन, की झोपलेल्या मुलाचे अंग रात्री फडफडते का, हे आईइतके नेमके कोणीच सांगू शकत नाही. तिला विचारावे. कपडे दूर करून उजेडात पोटरीकडे दोन मिनिटे शांतपणे पाहावे. शंका आल्यास इलेक्ट्रोमायोग्राफी करून घ्यावी. निदानाचा खरा आधार तीच.

लहान वयात सुरुवात झाली, तर एचआयएनटी-१ जनुकातील दोषाचाही विचार व्हावा. हा दोष आई व वडील या दोघांकडून यावा लागतो. आपल्या सीमाभागात मामेबहिणीशी किंवा भाचीशी विवाह आजही होतात, म्हणून नातेसंबंधांची विचारपूस संकोच न करता करावी. त्याचबरोबर भस्मे, गावठी औषधे व गोरेपणाची मलमे यांविषयीही विचारावे. पारा आणि हा विकार यांचा संबंध वैद्यकीय वाङ्मयात नोंदलेला आहे.

हा आग्रह केवळ विद्वत्तेपोटी नाही. कार्बामाझेपीन किंवा फेनिटॉइन यांसारख्या परिचित औषधांनी पुष्कळांचा त्रास कमी होतो. प्रतिपिंडांमुळे होणाऱ्या प्रकारात प्लाझ्मा बदलणे किंवा इम्युनोग्लोब्युलिन देणे उपयोगी पडते. निदानच झाले नाही, तर यांतले काहीही रुग्णाच्या वाट्याला येत नाही.

असा रुग्ण आपल्यापैकी एखाद्याला आयुष्यात एकदाच भेटेल, कदाचित भेटणारही नाही. पण ज्याचे कारण सापडत नाही ते सारे मनाचेच, हे गृहीतक आपण रोज वापरतो. ते सोडण्याचा लाभ इतर असंख्य रुग्णांनाही होईल.